पाठीतलं पाणी आणि शिकाऊ हात

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात धडधाकट माणसांचे पाय एकाएकी लटके पडायला लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी तळपायांना मुंग्या, आणि मग जिना चढवेना. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस, हे जिभेला गाठ मारणारं नाव पुण्यात रिक्षावाल्यांच्याही तोंडी झालं. संशयित रुग्णांचा आकडा 200च्या पुढे गेला. त्या दिवसांत मला नातलगांचे, ओळखीच्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे जे फोन आले त्यातले निम्मे आजाराबद्दल नव्हतेच. ते असायचे असे: "मॅडम, पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. सही करू का? आमच्या गावात एकाचं काढलं होतं, तो परत उठलाच नाही." आणि मग आवाज खाली आणून, "काढणार कोण, तर एक पोरगेलासा डॉक्टर आहे हो. शिकाऊ वाटतोय."

दोन्ही प्रश्न रास्त होते. तेव्हा फोनवर दोन-तीन मिनिटांत जे सांगितलं ते आता सविस्तर लिहिते. मी फिजिशियन आहे. बरीच वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बहुतेक शिकवण्यात. त्यामुळे त्या पोरगेल्या डॉक्टरची बाजू मला माहीत आहे, आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या नातेवाइकाचीही.

खाटेवरची हातकामं

ऑपरेशन थिएटरात न नेता, वॉर्डातल्या खाटेवरच, बहुधा रुग्ण जागा असताना शरीरात सुई किंवा नळी घालून जे करतात त्याला डॉक्टर लोक 'प्रोसिजर' म्हणतात. मी त्याला इथे हातकाम म्हणणार आहे, कारण त्यात पुस्तकापेक्षा हात जास्त लागतो. सलाईनची सुई लावणं हे सगळ्यांत नेहमीचं. नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब, लघवीची नळी, मनगटातल्या धमनीतून काढलेलं रक्त, छातीतलं किंवा पोटातलं पाणी काढणं, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली लांब नळी, म्हणजे 'लाईन', श्वासनलिकेत टाकलेली नळी, आणि ज्याच्या नावानेच धडकी भरते ते पाठीतलं पाणी.

हे सगळं वॉर्डात का, थिएटरात का नाही? बहुतेक वेळा रुग्णाला हलवण्यात जास्त धोका असतो, किंवा हलवायला वेळच नसतो. थिएटरातून जी गोष्ट इथे यायलाच हवी ती म्हणजे स्वच्छता. खोलीचा पत्ता काय हे जंतू विचारत नाहीत. हात धुतलेले आणि हातमोजे, कापड निर्जंतुक असायलाच हवं.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो का?

नाही. का नाही, ते नीट सांगते, कारण नुसतं "घाबरू नका" म्हटल्याने कुणाचीही भीती कधी गेलेली नाही.

मेंदू आणि त्याच्याखाली लोंबणारा मज्जारज्जू एका नितळ पाण्यात असतात. मोठ्या माणसात हे पाणी एकूण साधारण 150 मिली, म्हणजे घरच्या कपाने एक कप चहा. तपासणीला त्यातलं 5 ते 10 मिली घेतात, एक-दोन चमचे. शरीर रोज जवळजवळ अर्धा लिटर नवं पाणी तयार करत असतं आणि जुनं शोषून घेत असतं. रोज दुधाची एक अर्ध्या लिटरची पिशवी समजा. म्हणजे सुई काढून पट्टी चिकटवून नातेवाईक खाली जाऊन चहा पिऊन येईपर्यंत काढलेलं पाणी भरून निघालेलं असतं.

राहिला मज्जारज्जूला सुई लागण्याचा प्रश्न. तो कंबरेत खालपर्यंत पोचतच नाही. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली पाण्यात मज्जातंतूंचे सुटे धागे तरंगत असतात; जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्यात घोड्याची शेपटी दिसली. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. शेवयांच्या खिरीत चमच्याचं टोक उभं घाला, शेवया बाजूला सरकतात. तसे हे धागे सरकतात. क्वचित एखाद्याला सुई चाटून गेली तर एका पायात करंट गेल्यासारखं वाटतं. तसं झालं तर लगेच बोलावं. डॉक्टर सुई मागे घेऊन दिशा बदलतात.

मग गावातला तो माणूस उठला का नाही? कारण पाठीतलं पाणी काढायची वेळ येते तीच मुळात मेंदूच्या क्षयात, मेंदूज्वरात, जीबीएसमध्ये. माणूस लुळा पडत चाललेला असतो म्हणून पाणी काढतात. रस्त्यावर छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला, असं म्हणण्यातला हा प्रकार आहे.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील, मेंदूत गाठ असून दाब वाढलेला असेल, तर ही सुई घातक ठरू शकते. म्हणून आधी डोळ्यात बॅटरीसारखं यंत्र धरून पडदा बघतात, गरज वाटली तर सीटी स्कॅन करतात. यात अर्धा दिवस गेला की नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर टाळाटाळ करताहेत. सर्रास होणारा त्रास एकच: डोकेदुखी. उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. जुन्या धारदार टोकाच्या सुयांनी तो शंभरातल्या दहा ते तीस जणांना व्हायचा. पेन्सिलीच्या टोकासारख्या सुया पडद्याचे तंतू कापण्याऐवजी बाजूला सारतात, त्यांनी हे प्रमाण बरंच खाली आलं. या सुया महाग पडतात, म्हणून सगळीकडे असतीलच असं नाही. आणि पाणी काढल्यावर सहा-सहा तास उताणं झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळते याला पुरावा नाही. तरी आमच्याकडे अजून झोपवतात. वैद्यकातही सोवळं-ओवळं असतंच.

जीबीएसमध्ये या एक-दोन चमच्यांत बघायचं काय असतं? 1916 मध्ये गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी लुळे पडलेले दोन सैनिक तपासले, तेव्हा त्यांच्या पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती, पण पेशी वाढलेल्या नव्हत्या. जंतुसंसर्ग असता तर पेशी वाढल्या असत्या. हीच खूण आजही बघतात. (आजाराच्या नावातून बिचारा स्ट्रोल गळून गेला.) पहिल्या आठवड्यात ही खूण बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा पाणी काढावं लागू शकतं. त्या जानेवारीत यावरूनच दोन घरांतून मला "आधीचं चुकलं म्हणून आता परत करताहेत का?" असं विचारलं गेलं. चुकलेलं काहीच नव्हतं, रिपोर्ट आजाराच्या आधी पोचला होता इतकंच.

'टप्' म्हणजे काय

आता प्रत्यक्ष कृती. रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी, असं मुटकुळं करायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. कंबरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेषा साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, तो खुणेचा दगड. तपकिरी औषधाने पाठ पुसतात, बधिर करणारं इंजेक्शन देतात (खरं दुखतं ते हेच), मग लांब बारीक सुई. कातडी, चरबी, मग मणक्यांना बांधून ठेवणारे चिवट पडदे. ज्यांनी जुनी, पाच-सहा लुगड्यांच्या थरांची गोधडी शिवलीय त्यांना हे लगेच कळेल. दाभण रुतत रुतत जातो, जोर लावावा लागतो, आणि शेवटचा थर पार झाला की एकदम सुटल्यासारखं होतं. इथेही तसंच बारीकसं 'टप्' होतं. ऐकू येत नाही, बोटांना कळतं. आतली तार ओढली की सुईच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतो.

हे 'टप्' पुस्तकात लिहिता येतं, शिकवता येत नाही. ते बोटांनीच कळावं लागतं आणि पहिल्यांदा कळतं ते कुणाच्या तरी पाठीत.

माझ्यासाठी ती पाठ भोरकडच्या एका आजोबांची होती. मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात काम करत पुढचं शिकणारी डॉक्टर, रात्रीचे अकरा, तीनदा सुई हाडावर ठोकर खाऊन परत आली. माझ्या कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर. आजोबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "दमानं घे पोरी, मी कुठं पळून चाललोय?" माझे सीनियर मागे उभे होते, हात ॲप्रनच्या खिशात. मला वाटलं आता सुई घेतील हातातून. ते एवढंच म्हणाले, "सुई बघू नकोस. खांदा बघ." बघितलं तर आजोबांचा वरचा खांदा पुढे कलला होता. खांदा कलला म्हणजे पाठ पिळली, पाठ पिळली म्हणजे मी सरळ घातलेली सुईही तिरकीच जात होती. वॉर्डबॉय मामांनी आजोबांना धरून सरळ केलं. चौथ्या वेळी टप्.

त्या एका वाक्यात मी जे शिकले ते त्याआधी वाचलेल्या तीन प्रकरणांत नव्हतं. पण ही माझी पहिलीच वेळ आहे, हे आम्ही आजोबांना सांगितलं नव्हतं. ते पुढे येईलच.

माझ्याच पाठीवर हात का साफ करायचा?

कारण कुणाच्या तरी पाठीवर तो होणारच आहे. हे ऐकायला कठोर वाटतं, पण याला पळवाट नाही. 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी शिकाऊ डॉक्टरांची मोजदाद केली. श्वासनलिकेत नळी घालण्यात शंभरातल्या नव्वद वेळा यश यायला सरासरी 57 रुग्ण लागले. आज रात्री दोन वाजता कॅज्युल्टीत कुणाचा श्वास अडकला तर नळी सफाईने टाकणारा जो डॉक्टर धावत येतो, त्याच्या मागे ते 57 जण आहेत.

खरा प्रश्न आहे तो पहिल्या खेपेला तो किती तयारीने आला होता आणि त्याच्या मागे कोण उभं होतं याचा.

आमच्या पिढीत शिकवण्याची रीत होती 'एक बघ, एक कर, एक शिकव'. ही म्हण अमेरिकेतल्या सर्जनांकडून आली आणि आपल्या वॉर्डांत चांगलीच रुजली, कारण रुग्ण रांगेत आणि शिकवणारे मोजके. एकदा बघितलंस ना? मग कर. आरटीओने एखाद्याला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून लक्ष्मी रोडवर एक चक्कर मारून आणावी आणि लगेच लायसन्स द्यावं, तसं.

आता कागदावर तरी ते बदललं आहे. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम 'येतं की नाही' यावर बेतलेला आहे. दाखवायचं, बघायचं, मदत करायची आणि मग स्वतः करायचं, अशा चार पायऱ्या. ठराविक हातकामांसाठी करून दाखवल्याचा दाखला. आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब, म्हणजे रबरी हात, रबरी पाठी आणि रबरी छात्या असलेली खोली. 'कागदावर तरी' असं म्हणायचं कारण म्हणजे लॉगबुक नावाची वही. कोणतं काम किती वेळा केलं ते तिच्यात लिहायचं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेल्या वह्या मी तपासल्या आहेत. कोणत्या कॉलेजात, ते विचारू नका.

मग डमीवरच का शिकत नाहीत?

शिकतात, आणि शिकावंच. माणसाच्या आकाराची सरावाची बाहुली 1960 मध्ये नॉर्वेतल्या ऑसमुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने आणली, छाती दाबून तोंडाने श्वास द्यायला शिकवण्यासाठी. आता रबरी मानेतून लाल पाणी येतं, रबरी पाठीतून नितळ. शिकागोतल्या एका रुग्णालयाने रेसिडेंटांना मानेतली लाईन आधी डमीवर शिकवली आणि ठरलेल्या यादीतली पायरी न् पायरी बिनचूक जमेपर्यंत रुग्णाला हात लावू दिला नाही. कुणाला चार तास लागोत, कुणाला दहा. आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा पाय न टेकता काढल्याशिवाय सुटका नाही, तुमचे क्लास किती झाले याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, तसंच. त्या रुग्णालयाच्या आयसीयूत लाईनमधून रक्तात जंतू शिरण्याचं प्रमाण दर 1000 लाईन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाईन म्हणजे एक लाईन-दिवस) 3.2 वरून 0.5 वर आलं.

पैसे नाहीत म्हणून लॅब नाही, ही सबब मला तितकीशी पटत नाही. माझी भाची इंटर्न आहे. तिने टाके घालायचा सराव केळ्याच्या सालीवर केला, मग मटणवाल्याकडून आणलेल्या बकरीच्या पायावर. वहिनीने ती केळी शिकरणीला वापरायला साफ नकार दिला, पण मुलीची गाठ आता सुटत नाही.

तरीही डमी ती डमी. तिच्या शिरा शाळेतल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. सत्तरीच्या आजींच्या शिरा कातडीखाली गोट्यांसारख्या घरंगळतात, टोचायला जावं तर बाजूला पळतात. डमी खोकत नाही, "अगं आई गं" म्हणत नाही, आणि तिचा मुलगा शेजारी उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत नाही. लॅबमध्ये हात तयार होतो, काळीज वॉर्डातच तयार होतं.

मोठ्या डॉक्टरांनीच करावं ना!

नातेवाइकांचा हा सगळ्यांत लाडका आग्रह, आणि बऱ्याचदा तो त्यांच्याच रुग्णाला महाग पडेल. हातकाम सायकलसारखं नसतं, सोडलं की विसरतं. मी गेली कित्येक वर्षं कुणाच्या मानेत लाईन घातलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आठवड्याला घालतो. माझ्या वॉर्डात शीर शोधण्यात सगळ्यांत पटाईत होत्या त्या रात्रपाळीच्या एक सिस्टर. प्राध्यापकांना स्वतःला सलाईन लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाव घेतलं ते त्यांचंच. तेव्हा वय बघू नका. विचारायचं तर हे काम नेहमी कोण करतं, ते विचारा.

दोनदा चुकलं तर?

हात बदला. शिरेत सुई लावण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय मापदंडांत साधा नियम आहे: एका माणसाने दोनच प्रयत्न. हा नियम मी वर्षानुवर्षं शिकवला. आणि माझ्या सासऱ्यांना एका छोट्या नर्सिंग होममध्ये ठेवलं त्या रात्री खाटेशेजारी बसून मी सहा टोचण्या मोजल्या. आरएमओ, म्हणजे रात्रीचा ड्यूटी डॉक्टर, एकटाच, चेहरा पांढराफटक. तिसऱ्या टोचणीला मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. नातेवाइकाच्या स्टुलावर बसलं की डॉक्टरचीही नातेवाईक होते.

त्या मुलावर माझा राग नाही. शहरातल्या छोट्या नर्सिंग होमांत रात्री असणारे आरएमओ बहुधा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) शिकलेले असतात. त्यांना ही हातकामं कुठे, कोणी, कशी शिकवली, हे कुणीच विचारत नाही. मालक डॉक्टरही नाही. शिकाऊ डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी वॉर्ड येतो. तिथे निदान मागे कुणीतरी उभं असतं.

यादी आणि सिस्टरचा आवाज

मानेतल्या लाईनबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण हातकामात हाताइतकीच शिस्त कशी लागते ते इथे दिसतं. ही लाईन घालायची युक्ती 1953 मध्ये सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने काढली. आधी शिरेत पोकळ सुई, सुईतून लवचिक तार, मग सुई काढून घ्यायची आणि तारेवरून, दोऱ्यावर मणी सरकवावा तशी, नळी आत सरकवायची. शेवटी तार बाहेर. शिकवताना मी एकच गोष्ट दहादा बजावत असे: तारेचं टोक एका हाताच्या चिमटीतून सोडायचं नाही, फोन वाजो नाहीतर आभाळ कोसळो. तार शिरेत सुटून आत गेल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि ती घडतात ती लक्ष दुसरीकडे गेल्याने.

या नळीतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या 103 आयसीयूंनी यावर पाच गोष्टींची यादी लावली. हात धुवा. टोपी, मास्क, गाऊन, मोजे घालून रुग्णाला मोठ्या निर्जंतुक कापडाने झाका. क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसा. शक्यतो जांघेतली शीर टाळा. गरज संपली की नळी काढा. यात नवं काहीच नव्हतं. 2006 मध्ये त्यांचे आकडे छापून आले तेव्हा मधल्या क्रमांकाच्या आयसीयूत 1000 लाईन-दिवसांमागे 2.7 असलेला संसर्ग तीन महिन्यांत शून्यावर आला होता.

मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते यादीबाहेरचं. एखादी पायरी गाळली गेली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, असं तिथे ठरलं होतं. हे आपल्याकडे आणून बघा. "सर, तुमचा हात कॉटला लागला, ग्लोव्हज बदला," असं बाविशीची सिस्टर युनिटच्या सरांना म्हणते आहे, आणि सर निमूट बदलताहेत. मी हे आयुष्यात मोजून तीन-चारदा पाहिलं. डमीपेक्षा हे आणणं अवघड आहे, कारण ते विकत मिळत नाही.

गरिबांवर शिकायचं, श्रीमंतांवर वापरायचं?

या आक्षेपाला माझ्याकडे सुबक उत्तर नाही. ससून 1867 पासून उभं आहे, बी. जे. मेडिकल कॉलेज 1946 पासून. पुण्यातल्या डॉक्टरांच्या किती पिढ्या पुरंदर-इंदापूर-भोरहून एसटीने आलेल्या माणसांच्या शिरांवर घडल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. त्यातले पुष्कळजण पुढे बाणेर-कोथरूडमध्ये दवाखाने थाटून बसले. हे खरं आहे आणि ते बोलून दाखवलं पाहिजे.

आता मोठ्या खासगी रुग्णालयांतही डीएनबीचे, म्हणजे स्पेशालिस्ट होण्यासाठी शिकणारे, विद्यार्थी असतात, म्हणजे कार्पोरेट खोलीतही शिकाऊ हात येतोच. फरक राहतो तो सांगण्यात. खासगीत रुग्णाला "हे डॉक्टर अमुक, ते करतील, मी इथेच आहे" असं निदान कुणीतरी म्हणतं. जनरल वॉर्डात पडदा ओढला जातो आणि पाठ पुसायला सुरुवात होते. हा फरक मिटवायला निधी लागत नाही, एक वाक्य लागतं.

सही म्हणजे नेमकं काय?

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की संमती म्हणजे माहितीसकट दिलेली संमती. काय करणार, का करणार, धोके कोणते, पर्याय काय, न केल्यास काय होईल. तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. रुग्ण शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस असेल तर सही त्याची. जावयाची किंवा गावच्या सरपंचाची नव्हे. जीव धोक्यात आहे, रुग्ण बेशुद्ध आहे आणि विचारायला कुणी नाही, अशा वेळी डॉक्टरने न थांबता करावं, याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30चा आधार आहे. आणि रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांनी दर्शनी भागात लावायची, असं महाराष्ट्राच्या 2021च्या नियमांत आहे. ती बहुधा लिफ्टशेजारी, कुंडीच्या मागे असते.

"ही तुमची कितवी वेळ?" हे विचारता येतं का? येतं. माझ्या वॉर्डात नंतर आम्ही न विचारताच सांगायला लागलो: "हे डॉक्टर करतील, त्यांची सुरुवात आहे, मी शेजारी उभी आहे, दोनदा नाही जमलं तर मी करेन." मला वाटलं होतं निम्मे लोक नकार देतील. नकार आले, पण फार थोडे. बहुतेकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही जाणार नाही ना मधेच?"

भोरच्या आजोबांना मी ते सांगितलं नव्हतं. त्यांना ते बहुधा कळलंच होतं.

खाटेशेजारी बसलात तर

हातमोजे घालण्याआधी हात धुतले का, हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. चिठ्ठी घरी राहिली असेल तर गोळ्यांची पट्टीच दाखवा. छातीत नळी असेल तर तिची बाटली खाटेच्या खालीच राहू द्या. शौचाला नेताना ती उचलून रुग्णाच्या मांडीवर ठेवायचा मोह होतो, आणि मग बाटलीतलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. पाठीतलं पाणी काढताना रुग्णाला धरायला सांगितलं तर सुईकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघा, आणि खांदा पुढे कलू देऊ नका.

आणि सलाईनच्या सुईवर जी पांढरी चिकटपट्टी असते तिच्यावर ती कधी लावली याची तारीख पेनाने लिहिलेली असायला हवी. नसेल तर सिस्टरना विचारा. आजूबाजूला लाल झालं असेल, सुजलं असेल, ठणकत असेल, तर तारीख कालची असली तरी सांगा.